सिस्टरची उपकारस्तुती

"थांब. आधी आभार, मग गाऱ्हाणं."

हे म्हणताना त्यांचा उजवा हात असा वर व्हायचा, की चौकातल्या हवालदारानं येऊन शिकून जावं. आपण दारात उभं, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, लिफ्ट बंद म्हणून सगळे जिने चढून जीव मेटाकुटीला आलेला, तोंडातून सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावानं पहिला शब्द बाहेर पडतोय न पडतोय तोच तो हात वर. मग आपण आभार शोधायचे. "बरं बाई, पाय आहेत म्हणून आभार," असं मी एकदा चिडून म्हटलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही आहेत ना? मग दोनदा म्हण."

अशी एखादी बाई तुमच्याही इमारतीत असेल. नसेल तर तुमचं नशीब थोडं कमीच, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. तेव्हा त्यांच्या दारावरून चपला न वाजवता कसं जायचं याचा मी सराव केला होता.

सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची, कारण त्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कधी कुणी घेतलं नाही, तेव्हा मीही इथे घेत नाही. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नवरा इथे हडपसरलाच एका कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन वाघोलीला. अंगानं भरलेल्या, केस पांढरे स्वच्छ, आणि आवाज असा खणखणीत, की त्या घरात देवाशी बोलल्या तरी खाली वॉचमनला कळायचं. देवाशी त्या रोज बोलायच्या. चहाच्या कपासमोरसुद्धा डोळे मिटायच्या आणि दूधवाल्यापासून सुरुवात करायच्या. चहा गार व्हायचा. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, देव म्हणत असेल, बाई, आधी पिऊन घ्या." तर म्हणाल्या, "त्याला घाई नाही. घाई तुला आहे."

आमचं दार बरोबर त्यांच्या समोर. आमच्या घरात नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई अस्सल पेठेतल्या. मुलाच्या नोकरीपायी हडपसरला यावं लागलं याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. "हडपसर म्हणजे निम्मं सोलापूरच की," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, तो माणूस सोलापूरचा असला तरी. पण हात सढळ. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, सगळं समोरच्या दारी जायचं. थंडीत त्यांचा धुंधुरमास असे. पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. देवाला नैवेद्य दाखवून सूर्य वर येताना जेवायला बसायचं. मला त्या झोपेतून उठवायच्या आणि मी त्या मार्गशीर्षाला, पौषाला, सगळ्यांना मनातल्या मनात बोल लावत भाकऱ्या थापायचे. त्यातलंही एक ताट सिस्टरकडे जायचं. सिस्टर ते दारातच झाकण उघडून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "वहिनींच्या देवाचंही बरंय. सकाळी सकाळी लोणी मिळतं." आणि खरंच सगळं चाटूनपुसून खायच्या.

उलट दिशेनं मात्र वाहतूक बंद होती.

नाताळात सिस्टरच्या दारावर कागदाची चांदणी लागली, की दोनच दिवसांत फराळाचं ताट यायचं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि कडेला केकचा तुकडा. सासूबाई ताट हसतमुखानं घ्यायच्या. "अय्या, कशाला एवढं!" म्हणायच्या. मग ते स्वयंपाकघरात यायचं आणि सासूबाईंना काहीतरी व्हायचं. कधी मार्गशीर्षातला गुरुवार निघायचा, कधी तळकट वर्ज्य असायचं, कधी दात. नवरा आणि मी खायचो, उरलेलं कामाच्या बाईला जायचं, सासूबाईंनी एक कणही तोंडात घातला नाही. पण ताट रिकामं परत देत नाहीत ना आपल्यात! म्हणून त्या ते घासूनपुसून, त्यात मूठभर साखर घालून माझ्याबरोबर परत पाठवायच्या. साखर म्हणजे कोरडं. त्यात ना देणं, ना घेणं. सिस्टर ताट घ्यायच्या, साखरेकडे बघायच्या आणि "आली का?" एवढंच विचारायच्या.

त्यांना कळत होतं का? अहो, आयुष्यभर दवाखान्यात माणसं बघितलेली बाई ती. एकदा विषय कुठून निघाला आठवत नाही, पण आम्ही दोघी त्यांच्या ओट्याशी उभ्या होतो आणि त्या बोलून गेल्या, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मिशनच्या विहिरीवर भरू दिलं. आमच्या घरात आभार मानायची सुरुवात तिथून हाय." एरवी त्या छापील मराठी बोलायच्या. मनातलं बोलल्या की असा एखादा 'हाय' निसटायचा. मी ओट्यावरचा कप उगाचच पुन्हा विसळला.

आता उपकारस्तुतीचं सांगते. घरात बाळ जन्मलं, कुणी दुखण्यातून उठलं, नवं घर घेतलं, की ही माणसं चार लोकांना बोलावून एकत्र देवाचे आभार मानतात, त्याला उपकारस्तुती म्हणतात. आपल्याकडे सत्यनारायण घालतात ना, तशातलं समजा. सिस्टरची उपकारस्तुती मात्र दरवर्षी, नाताळ आणि एकतीस तारखेच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी, आणि त्याला कारण काही नाही. "कारण नसलं की जास्त मानावेत," असं त्यांचं म्हणणं. बोलावणं सगळ्या इमारतीला. सोसायटीच्या ऑफिसातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या यायच्या, दार सताड उघडं राहायचं, आणि आत हिंदू, जैन, भाड्यानं राहणारी यवतमाळकडची आयटीतली मुलं, सगळे स्वेटर घालून ओळीनं बसायचे. पुणेकराला आभार मानणं मुळात जड जातं. आपल्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. इथे तर सबंध कार्यक्रमच आभारप्रदर्शनाचा! पण एकाही वर्षी कुणी मधून उठलं नाही, कारण सिस्टर डोळे मिटून जे बोलायच्या ते ऐकायची चोरटी ओढ सगळ्यांना होती.

"हे प्रभू," असं म्हणून त्या एकेका घराचे आभार मानायला लागायच्या. "आमच्या सेक्रेटरींबद्दल तुझे आभार. टँकर कधी येणार हे त्यांना कधीच माहीत नसतं, त्यामुळे आम्ही सदोदित तुझ्यावरच विसंबून राहतो." सेक्रेटरी मान खाली. "तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांबद्दल आभार. स्वतःची जागा मोकळी सोडून ते आमच्या जागेत गाडी लावतात, एवढी त्यांना आमच्याबद्दल आपुलकी आहे." यवतमाळच्या पोरांबद्दल, "त्यांची गाणी उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे म्हाताऱ्यांना झोप लागली नाही तरी एकटं वाटत नाही." पोरं फिदीफिदी हसायची आणि नंतर आठवडाभर गाणी हळू लागायची. माझ्यावरही पाळी यायचीच. "समोरच्या सूनबाईंच्या जिभेबद्दल आभार. धार आहे. घरात विळी असलीच पाहिजे. फक्त काम झालं की ती आडवी करून ठेवावी, एवढी बुद्धी दे." माझा नवरा त्या दिवशी इतक्या जोरात आमेन म्हणाला, की मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सासूबाई या सभेला जायच्या नाहीत. पण आपल्या दारात, उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "मी काही ऐकायला नाही बसलेली. आवाज येतो, त्याला मी काय करू?" आणि सिस्टर सगळ्यांना टोमणे मारून झाले की शेवटी दरवर्षी एकच वाक्य म्हणायच्या: "समोरच्या वहिनींबद्दल आभार. त्यांचं दार उघडं असतं." बस्स. ना चिमटा, ना कोपरखळी. सासूबाईंना ते फार लागायचं. "मेली सगळ्यांबद्दल एवढं एवढं बोलते, आणि माझ्याबद्दल एवढंच?" असं रात्री जेवताना ऐकवायच्या. आता ह्याला काय म्हणावं!

एका वर्षी दिवाळीनंतर सिस्टरच्या गळ्याला गाठ दिसली. थायरॉइडची. गाठ वाईट नव्हती, पण काढायला हवी होती, आणि ती बसली होती आवाजाच्या नसेला चिकटून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव जायचा नाही, आवाज मात्र जाऊ शकतो. दुसरी एखादी म्हणाली असती, जीव तरी राहतोय ना! सिस्टरनीही तसंच म्हणायला हवं होतं, त्यांच्याच नियमानं. पण त्या दोन दिवस घराबाहेर आल्या नाहीत आणि आतून देवाशी बोलल्याचाही आवाज आला नाही. त्या बाईचं सगळं आयुष्य तोंडानं मोठ्यानं आभार मानण्यात गेलं होतं. तेच काढून घेतल्यावर उरणार काय? मला भीती वाटली, खरंच सांगते. आपल्याला रोज कटकट वाटणारी गोष्ट उद्या बंद पडणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. मुलगी खाली फॉर्मच्या खिडकीशी, मी त्यांच्या खाटेशेजारी. हिरवा झगा घातलेल्या सिस्टर एकदम लहान दिसत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काय सिस्टर, आधी आभार ना?"

"नाही. आज आधी गाऱ्हाणं," त्या म्हणाल्या. "उद्या बोलता येईल न येईल. आज बोलून घेते."

आणि हो, घेतलंच बोलून! मी एवढी गाऱ्हाणेबाज, पण मीसुद्धा चाट पडले. चर्चच्या पाळकसाहेबांचं प्रवचन संपता संपत नाही. नवरा मेला, पण जन्मात कधी बाथरूमचा दिवा बंद केला नाही. मुलगी सकाळी ओट्स खायला घालते, ते भिंतीला लावायच्या लायकीचे. सेक्रेटरी टँकरच्या वेळी फोन उचलत नाही, गाडी जागेवर नसते, माझी जीभ आडवी होत नाही. इतकी वर्षं आभारात गुंडाळून दिलेलं सगळं त्यांनी उघडं करून माझ्यासमोर ठेवलं. मी हसत होते. शेजारच्या खाटेवरची बाईही हसत होती.

मग त्या थांबल्या आणि आवाज खाली आला.

"आणि तुझी सासू. माझ्या हातचा एक घास खाल्ला नाही तिनं. येवढ्या वर्षांत एक घास नाही. देते गं ती, मन मोठं हाय तिचं. पण घेत नाही. मी तिचं सगळं खाल्लं. भाकरी खाल्ली, लोणी खाल्लं, तिळगूळ खाल्ला. मीच आपली घेणारी. देवाचे आभार मानता मानता मला कळलं, की देणं सोपं हाय, घ्यायला जास्त मोठं मन लागतं. पण हे तिला कोन सांगणार?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "झालं गाऱ्हाणं. आता आभार." तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि ते राहूनच गेले.

त्या रात्री जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. न सांगणं माझ्या स्वभावात नाही. "आई, सिस्टरनी तुमचं गाऱ्हाणं केलं," म्हटलं, आणि शब्द न शब्द सांगितला. त्यांच्या हातातला दहीभाताचा घास तसाच राहिला. मला वाटलं आता भडका उडणार. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "भात गार झालाय." आणि पानावरून उठल्या. माझ्या सासूबाई पानात टाकून उठल्या, हे मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

गाठ निघाली. आवाज गेला. पूर्ण नाही, पण उरली ती फक्त हवा. सायकलच्या चाकातून निघावी तशी. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाही असं नाही, पण आत्ता महिनाभर ताण द्यायचा नाही, शक्यतो बोलायचंच नाही. नर्सच त्या, त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. इमारतीत अशी शांतता पसरली की बोलून सोय नाही. जिन्यातून येताना मी मुद्दाम त्यांच्या दाराशी थांबून लिफ्टच्या नावानं बोटं मोडायचे. हात वर व्हायचा, पण पुढचं वाक्य यायचं नाही. मग मीच ते म्हणायचे, मीच आभार मानायचे आणि घरी यायचे. कसलं मेलं ते आभार मानणं!

डिसेंबर आला. मुलगी म्हणाली, आई, या वर्षी राहू दे सभा. सिस्टरनी नकारार्थी मान हलवली. चांदणी लागली. पिठाचे डबे निघाले. गळा शिवलेला होता, हात नव्हते ना! ठरलेल्या संध्याकाळी खुर्च्या आल्या, दार उघडलं, आणि कधी नव्हे ते सगळे वेळेवर हजर झाले. सिस्टर गळ्याभोवती मफलर गुंडाळून मधल्या खुर्चीत बसल्या. त्यांनी हात जोडून सगळ्यांकडे पाहिलं. म्हणजे, आता तुम्ही बोला.

कोण बोलणार? इंजिनिअरसाहेब छताकडे बघायला लागले. यवतमाळच्या पोरांतला एक उठला, "सिस्टर म्हणजे आपल्या एकदम..." एवढं म्हणाला, कान लाल झाले, खाली बसला. मी उठायचं म्हणत होते, पण लोकांसमोर रडण्यापेक्षा मी बसून राहणं पसंत केलं. शेवटी सेक्रेटरी खाकरून उभे राहिले. "सन्माननीय सिस्टर आणि उपस्थित सभासद, सर्वप्रथम मी आपणा सर्वांचे..." एवढ्यावर त्यांची गाडी अडली. वार्षिक सभेची सवय. ते बसले. सिस्टरचं तोंड उतरत चाललेलं मला दिसत होतं. त्यांच्याशिवाय एवढ्या माणसांना मिळून साधे आभार मानता येत नव्हते.

तेव्हा समोरच्या दारात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

सासूबाई आल्या. पदराला मेथीची पानं चिकटलेली, हात तसेच. सिस्टरच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, चपला काढल्या आणि आत येऊन एका खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच.

"मला हिच्यासारखं डोळे मिटून जमत नाही," त्या म्हणाल्या. "मी उघड्या डोळ्यांनीच बोलते. देवा, कुठला ते तुझं तू बघ. या सेक्रेटरींबद्दल तुझे आभार. ते आत्ता बोलायला उठले आणि लवकर बसले."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्यांबद्दल आभार. गेला महिनाभर गाडी स्वतःच्या जागेत लावतात. सिस्टरला आजारी पडावं लागलं त्यासाठी, पण लावतात. या पोरांबद्दल आभार. पोरं चांगली आहेत, टॉवेल मात्र कठड्यावर वाळत घालतात. माझ्या सुनेबद्दल आभार. इकडचं तिकडे सांगते. कधी कधी तेही बरं असतं."

मी मान वर केली नाही.

"आणि हिच्याबद्दल." सासूबाई सिस्टरकडे वळल्या. "हिनं दरवर्षी ताट पाठवलं. मी घेतलं असं दाखवलं, पण घेतलं नाही. हिला ते कळत होतं. तरी हिनं पाठवायचं थांबवलं नाही. मी असते तर दुसऱ्याच वर्षी थांबवलं असतं. झालं. तुमचं ते आमेन म्हणायचं असेल तर म्हणून घ्या."



"आणि आता ताट आणा," त्या बसत म्हणाल्या. "उभं राहून पाय भरून आलेत माझे."

सिस्टरच्या मुलीनं ताट आणलं. सासूबाईंनी करंजी उचलली, उलटीपालटी करून कड तपासली आणि तुकडा मोडून तोंडात घातला. सगळी इमारत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी सावकाश चावली. गिळली. मग, आता पेठेतलं माणूस आहे हो, त्याला तुम्ही काय करणार, म्हणाल्या, "सारणात साखर जरा जास्तच पडलीय."

सिस्टर पुढे वाकल्या. मफलर गळ्याशी धरला. मुलगी "आई, नको!" म्हणेपर्यंत त्या बोलल्यासुद्धा, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमचीच हाय."

सासूबाईंना कळेना. मलाही कळेना. मग मुलीनं सांगितलं. आमच्या घरून ताटातून परत गेलेली साखर सिस्टरनी कधी चहात टाकली नव्हती. वेगळ्या बरणीत ठेवायच्या आणि पुढच्या नाताळात दळून आमच्या करंज्यांत घालायच्या. दरवर्षी. म्हणजे सासूबाईंची साखर सासूबाईंकडेच येत होती आणि सासूबाई तिला तोंड लावत नव्हत्या!

हसण्याचा जो काय कल्लोळ झाला म्हणता! सेक्रेटरींच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उरलेली करंजी संपवली, "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि दुसरी घेतली. सिस्टर रडत होत्या आणि हाताचा पंजा वर करून सगळ्यांना गप्प बसवत होत्या.

आवाज पुढे परत आलाच नाही. ती घोगरी कुजबुज तेवढी राहिली, आणि तीही लवकर दमायची. पण त्यानंतरच्या हिवाळ्यांत एक नवीनच गोष्ट सुरू झाली. दुपारचं ऊन जिन्यापुढच्या गॅलरीत यायचं, तिथे दोन खुर्च्या पडायला लागल्या. एकीवर सिस्टर, एकीवर सासूबाई. पुढ्यात मटार नाहीतर हरभऱ्याचे घाटे. सिस्टर सासूबाईंच्या कानाला तोंड लावून बोलायच्या, आणि सासूबाई माना डोलवायच्या, मधूनच "हो गं," "खरंय," "असतात अशी माणसं" म्हणायच्या. ज्या बाईनं त्यांच्या घरचा घास घ्यायला एवढी वर्षं लावली, तिचा कान आता त्यांच्या ओठांना टेकलेला असायचा. मी ऑफिसातून लवकर आले की ते बघत जिन्यात उभी राहायचे आणि उगाचच बरं वाटायचं. आमच्या घरात एव्हाना सासूबाईंच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. टीव्ही खालपर्यंत ऐकू जायचा, आणि कानाचं मशीन "भांड्यांचा खणखणाट होतो" म्हणून कपाटात पडून होतं. सिस्टरची कुजबुज कशी ऐकू येते याचं मला नवल वाटायचं. तोंड अगदी कानाशीच असतं म्हणून येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर सिस्टर गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटच्या प्रार्थनेला सासूबाई चर्चमध्ये आल्या, पहिल्या बाकावर मुलीशेजारी बसल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. समोरचा फ्लॅट आता बंद असतो. या डिसेंबरात उपकारस्तुती आमच्या घरी झाली. खुर्च्या त्याच, माणसं तीच, टोमणे थोडे जास्त. वाघोलीहून मुलगी आली होती.

परवाचीच गोष्ट. दुपारी सासूबाई गॅलरीत एकट्याच मटार सोलत होत्या. शेजारी खुर्ची रिकामी. मी जाऊन तीत बसले आणि बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "आई, सिस्टर एवढं काय बोलायच्या हो तुमच्याशी?"

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "मला कुठं ऐकू यायचं?"

"अहो, मग दुपार दुपार माना कसल्या डोलवत होतात?"

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तिला बोलायचं होतं ना गं."